'फोर्ट ब्रॅग' की 'फोर्ट लिबर्टी'? या विषयावर वाद घालायची तयारी अशी करा

अमेरिकेतल्या लष्करी तळांना गृहयुद्धातल्या बंडखोर सेनापतींची नावं असावीत की नसावीत, हा विषय शाळांच्या वादविवाद स्पर्धांत अधूनमधून येतोच. मी व्हर्जिनियात हायस्कूलच्या मुलांची तयारी करून घेते, कधी परीक्षक म्हणूनही बसते. या विषयावर दोन्ही बाजूंची गाडी दुसऱ्याच मिनिटाला एकाच चिखलात रुतते. एकजण म्हणतो, "तुम्ही इतिहास पुसताय." दुसरा म्हणतो, "तुम्ही वंशवादाची पाठराखण करताय." उरलेल्या वेळात फक्त आवाज चढत जातो. आपल्या मराठी घरांतल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. घरात या विषयावर कधी कोणी बोललेलंच नसतं, त्यामुळे ती कुठली तरी दोन वाक्यं पाठ करून येतात आणि तिसऱ्या वाक्याला अडकतात. मग आईवडील मला विचारतात, "ताई, याला वाचायला काय देऊ?" त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवते. मोठ्यांनाही उपयोग होईल; ऑफिसात जेवताना हा विषय निघाला की आपण बहुतेकजण ताटात बघत बसतो.

आधी प्रस्ताव नेमका कशाचा आहे ते ठरवा

विषय पुतळ्यांचा नाही, शाळांच्या नावांचा नाही, रस्त्यांचाही नाही. लष्करी तळांचा आहे, आणि तेही नऊ. नॉर्थ कॅरोलायनात ब्रॅग, जॉर्जियात बेनिंग आणि गॉर्डन, टेक्ससमध्ये हूड, लुइझियानात पोक, अलाबामात रकर, आणि एकट्या आमच्या व्हर्जिनियात तीन: ली, पिकेट आणि ए. पी. हिल. ही सगळी माणसं 1861 ते 1865 च्या गृहयुद्धात दक्षिणेकडून, म्हणजे कॉन्फेडरेट बाजूने, अमेरिकेच्या सैन्याविरुद्ध लढली. ही नऊ नावं तोंडपाठ हवीत. जो स्पर्धक 'असे अनेक तळ आहेत' म्हणतो, त्याने काही वाचलेलं नाही हे परीक्षकाला तिथेच कळतं.

मग कालक्रम. पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यावर 2020 च्या जूनमध्ये हा प्रश्न पेटला. डेव्हिड पेट्रेयससारख्या निवृत्त जनरलने नावं बदलावीत असं जाहीरपणे लिहिलं, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी असा विचारसुद्धा करणार नाही म्हणून सांगितलं. काँग्रेसने 2021 च्या संरक्षण कायद्यात कलम 370 घातलं: आयोग नेमा आणि तीन वर्षांत ही नावं काढा. ट्रम्प यांनी 23 डिसेंबर 2020 ला नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहाने तो 322 विरुद्ध 87 मतांनी फेटाळला, आणि 1 जानेवारी 2021 ला सिनेटने 81 विरुद्ध 13 ने. हे आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील. आयोगाने 2022 मध्ये अहवाल दिला आणि 2023 मध्ये नऊही नावं बदलली; ब्रॅगचं 'फोर्ट लिबर्टी' झालं. 2025 मध्ये जुनी नावं परत आली. फक्त या वेळी ती दुसऱ्याच माणसांच्या स्मरणार्थ आहेत असं सांगण्यात आलं.

आमच्याकडे पीटर्सबर्गच्या बाजूने जाताना पाटीवर आधी 'फोर्ट ली' होतं, मग 'फोर्ट ग्रेग-अॅडम्स' झालं, आता पुन्हा 'फोर्ट ली' आहे. आणि अधिकृतपणे हा 'ली' तो आधीचा 'ली' नाही! यावर पुढे बोलायचंच आहे, कारण स्पर्धा जिंकायची किल्ली तिथेच आहे.

तर बोलायला उभं राहताच पहिल्या अर्ध्या मिनिटात स्पष्ट करा की आपण कशावर बोलतोय. 2023 चा बदल योग्य होता का? 2025 चा परतीचा निर्णय योग्य आहे का? की मुळात अशी नावं बदलावीत का, हे तत्त्व? तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. 2023 चा बदल मान्य असूनही आता पुन्हा पाट्या हलवू नयेत म्हणणारा माणूस दुटप्पी ठरत नाही. व्याख्या तुम्ही केली नाहीत तर समोरचा करतो, आणि त्याच्या सोयीने करतो.

प्रत्येक तळाचं एक कार्ड बनवा

मी मुलांकडून हेच काम सगळ्यात जास्त करून घेते आणि मुलं यालाच सगळ्यात जास्त कंटाळतात. नऊ कार्डं, प्रत्येकावर चार ओळी. माणूस कोण होता. तळाला नाव कधी पडलं. तेव्हा तिथे कोणाचं चालत होतं. आणि आज तिथे काय चालतं.

पहिली ओळ मजेशीर निघते. मुलांना वाटतं, सगळे दक्षिणेचे नामांकित सेनापती रॉबर्ट ई. ली यांच्या तोलाचे असणार. ब्रॅक्स्टन ब्रॅगचं कार्ड काढा. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत शिकलेला, मेक्सिकोच्या युद्धात तोफखान्यात नाव कमावलेला. गृहयुद्धात मात्र हाताखालच्या सेनापतींशी सतत भांडणं; सप्टेंबर 1863 मध्ये चिकमॉगाला जिंकला आणि दोनच महिन्यांत चॅटानूगाला असा हरला की सेनापतिपद सोडावं लागलं. लुइझियानात उसाचा मळा, त्यावर गुलाम. जगातल्या सगळ्यात मोठ्या तळांपैकी एकाला या माणसाचं नाव! लिओनिडास पोक तर बिशप होता. सैन्यातला अनुभव जवळपास शून्य, 1864 मध्ये तोफगोळ्याने मेला. एडमंड रकर कर्नल होता, 'जनरल' लोक आदराने म्हणायचे. जॉन बेल हूडने 1864 च्या शेवटी फ्रँकलिन आणि नॅशव्हिलला आपल्याच सैन्याची वाताहत करून घेतली. जॉर्ज पिकेटने फेब्रुवारी 1864 मध्ये किन्स्टनला पकडलेल्या 22 उत्तरेच्या सैनिकांना फासावर दिलं. ते आधी दक्षिणेच्या बाजूला होते आणि नंतर पलीकडे गेले, एवढाच त्यांचा गुन्हा. युद्ध संपल्यावर पिकेट कॅनडात पळाला. हेन्री बेनिंग तर पेशाने वकील आणि न्यायाधीश. 1861 मध्ये जॉर्जियाच्या वतीने व्हर्जिनियात येऊन त्याने भाषण केलं की फुटून निघा, नाहीतर गुलामगिरी जाईल. लपवाछपवी काही नाही, हेच कारण त्याने दिलं.

'सैनिकी कर्तृत्वासाठी ही नावं दिली' हा मुद्दा ही कार्डं मांडली की बराचसा गळून पडतो. सगळा नाही. ली आणि ए. पी. हिल कर्तबगार होते हे नाकारायला जाऊ नका, तोंडघशी पडाल.

दुसरी ओळ, नाव कधी पडलं, ही खरी महत्त्वाची. यातलं एकही नाव 1865 चं नाही. ली, गॉर्डन, ब्रॅग, बेनिंग ही नावं पहिल्या महायुद्धातली, 1917-18 ची. पोक, ए. पी. हिल, हूड, पिकेट, रकर ही दुसऱ्या महायुद्धातली, 1941-42 ची. दोन्ही वेळा सैन्याला घाईघाईने प्रचंड जागा हव्या होत्या, आणि दक्षिणेत जमीन होती, हवामान बरं होतं, वजनदार खासदारही होते. 1917 मध्ये छावण्यांची नावं ठरवतानाच्या निकषांत दोन साधे होते: नाव छोटं असावं, आणि त्या भागात नावडतं नसावं. आता तिसऱ्या ओळीकडे या. 'त्या भागात' म्हणजे कोणाला नावडतं? तेव्हा दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदान करता येत नव्हतं. सैन्यसुद्धा वर्णानुसार विभागलेलं होतं. तो भेद संपवायचा आदेश ट्रुमन यांनी जुलै 1948 मध्ये काढला. म्हणजे नावं ठेवताना अर्ध्या गावाला कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्याच अर्ध्या गावातली पोरं भरती होऊन त्या नावाच्या फाटकातून आत जात होती.

एक तारीख आवर्जून लिहा. व्हर्जिनियातला कॅम्प पिकेट 3 जुलै 1942 ला सुरू झाला. गृहयुद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत पिकेटचा तो प्रसिद्ध हल्ला झाला 3 जुलै 1863 ला. असा योगायोग आपोआप होत नाही.

बदलाच्या बाजूने बोलताना

मुलं थेट गुलामगिरीपासून सुरुवात करतात. मुद्दा खरा आहे, पण पहिला नको. कारण समोरचा लगेच म्हणतो, "जॉर्ज वॉशिंग्टनकडेही गुलाम होते," आणि तुम्ही तिथेच गुंतता. सुरुवात याहून साध्या मुद्द्याने करा: ही माणसं अमेरिकेच्या सैन्याविरुद्ध लढली, अमेरिकेचे सैनिक त्यांनी मारले, आणि त्याच सैन्याच्या तळांवर त्यांची नावं आहेत. याला डावं-उजवं काही लागत नाही. जुलै 2020 मध्ये तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनी काँग्रेसच्या समितीसमोर बंड आणि देशद्रोह हेच शब्द वापरले होते. हे शब्द त्यांच्या तोंडूनच येऊ द्या. तुम्ही पहिल्याच वाक्यात 'देशद्रोही' म्हणालात तर प्रेक्षकांत बसलेला कोणीतरी दक्षिणी आजोबा तुमच्यापासून कायमचा तुटतो.

यावर हमखास येणारं उत्तर: "तेव्हा लोक आपल्या राज्याला देशापेक्षा मोठं मानायचे. लीला व्हर्जिनियाविरुद्ध तलवार उचलता आली नाही." इथे जॉर्ज थॉमस हे नाव काढा. तोही व्हर्जिनियाचाच, गुलाम बाळगणाऱ्या घरातला, वेस्ट पॉइंटचा. तो अमेरिकेच्या सैन्यातच राहिला, घरच्यांनी संबंध तोडले तरी. चिकमॉगाला ब्रॅगच्या सैन्यासमोर त्यानेच तग धरला आणि नॅशव्हिलला हूडचा धुव्वाही त्यानेच उडवला. म्हणजे पर्याय होता आणि निवडणाऱ्यांनी तो निवडला. ज्यांनी निवडला त्यांच्यापैकी कोणाचंही नाव मात्र या नऊ तळांना मिळालं नाही.

मग तिसऱ्या क्रमांकावर गुलामगिरी आणि आजचा सैनिक. इथे भाषण करू नका, एक माणूस दाखवा. आर्थर ग्रेग. 1946 मध्ये सैन्यात भरती झाले. पुढे अधिकारी होऊन फोर्ट लीत आले तेव्हा तिथला अधिकाऱ्यांचा क्लब कृष्णवर्णीयांना बंद होता. चढत चढत ते लेफ्टनंट जनरल झाले. 2023 मध्ये त्याच तळाला चॅरिटी अॅडम्स यांच्या जोडीने त्यांचं नाव दिलं गेलं, क्लबलाही. तेव्हा ते हयात होते, समारंभाला स्वतः हजर होते. 2024 मध्ये गेले, आणि पुढच्याच वर्षी तळावरून नाव उतरलं. एवढंच सांगून थांबा. पुढचं ऐकणारे स्वतः करतात.

विरोधात बोलताना

ही बाजू मिळाली की आपली मुलं चेहरा पाडतात. मला स्वतःला बदल योग्य वाटतो, पण विरोधी बाजू लंगडी अजिबात नाही. चुकीचे मुद्दे उचलल्यामुळे ती लंगडी दिसते.

'इतिहास पुसला जातो' हा त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा. टाळा. चांगली तयारी केलेला प्रतिस्पर्धी फोर्ट बेल्व्हॉर काढेल. व्हर्जिनियातल्या या तळाचं मूळ नाव 1917 मध्ये उत्तरेचे जनरल हम्फ्रीज यांच्यावरून ठेवलं होतं. 1935 मध्ये स्थानिक खासदाराच्या आग्रहावरून ते बदलून तिथल्या जुन्या मळ्याचं नाव दिलं. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हम्फ्रीज पुसला गेला. शिवाय स्वतः लींनीच 1869 मध्ये गेटिसबर्गच्या स्मारकाचं निमंत्रण नाकारताना लिहिलं होतं की युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत. यादवीच्या खुणा पुसायचा प्रयत्न करणाऱ्या राष्ट्रांचा कित्ता गिरवावा. हे पत्र समोरच्याच्या हातात असेल तर तुमचा मुद्दा त्याच्याच पायावर कोसळतो. (लींच्या नावावर फिरणारी बाकी गोड वाक्यं मात्र मूळ सापडल्याशिवाय वापरू नका.)

खर्चाचा मुद्दाही जपून. आयोगाचा एकूण अंदाज होता सुमारे 6 कोटी 25 लाख डॉलर. त्यात फक्त तळ नव्हते. जहाजं, लष्करी अकादमी, रस्ते, इमारती सगळं होतं. नुसत्या नऊ तळांचा वाटा साधारण 2 कोटी 10 लाख. 2021 चा संरक्षण कायदा होता जवळपास 740 अब्ज डॉलरचा. समोरच्याने भागाकार केला तर पूर्ण रक्कमसुद्धा एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहून कमी निघते. खर्च उपयोगी पडतो तो एकाच ठिकाणी: प्रस्ताव 2025 नंतरच्या पुन्हा बदलाचा असेल तर. "पाट्या एकदा बदलल्या, परत बदलल्या, आता तिसऱ्यांदा?" याला वजन आहे.

मग मजबूत काय? सैनिकाचा अनुभव. 82 व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसासाठी 'ब्रॅग' म्हणजे पहिली पॅराशूट उडी, तिथे जन्मलेली मुलं, तिथून युद्धावर गेलेले आणि न परतलेले मित्र. ब्रॅक्स्टन ब्रॅग कोण हे त्याला ठाऊकही नसतं. नाव एका माणसाचं म्हणून सुरू झालं आणि शंभर वर्षांत ते जागेचं होऊन गेलं. हे भावनिक आहे, पण खोटं नाही. बदलाच्या बाजूला याचं सोपं उत्तर नाही. नॉर्मंडीला गेलेले सैनिकही याच नावांच्या छावण्यांत तयार झाले होते, हे जोडा.

दुसरा मजबूत मुद्दा सलोख्याचा. 1868 च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी सरसकट माफी दिली. लींवर राजद्रोहाचा खटला कधी चालला नाही. 1917 मध्ये दक्षिणेतल्या पोरांना त्याच झेंड्याखाली युरोपात लढायला पाठवायचं होतं. नावं हा त्या समेटाचा भाग होता, असं तुम्ही मांडू शकता. समोरून उत्तर येईल, "समेट कोणाकोणात झाला? दोन गोऱ्या बाजूंत." हा प्रतिटोला अपेक्षित धरा आणि तयार राहा.

तिसरा, 'हे थांबणार कुठे?' याला बदलाच्या बाजूकडे कायद्यातलंच उत्तर आहे. कलम 370 मध्ये निकष होता: कॉन्फेडरसीचा किंवा तिच्याकडून स्वेच्छेने सेवा केलेल्या व्यक्तीचा गौरव करणारी नावं. वॉशिंग्टन, जेफरसन त्यात बसतच नाहीत. त्यांनी देश उभा केला, मोडायला निघाले नव्हते. कबरींवरच्या शिळाही कायद्याने वगळल्या होत्या. त्यामुळे विरोधकाने 'उद्या वॉशिंग्टन' असं ओरडण्यापेक्षा विचारावं, "निकष कायद्यात आहे, पण लोकांच्या मनात तोच आहे का?" प्रश्न छोटा, पण त्रास देणारा.

प्रक्रियेवर दोन वाक्यं, नक्की

'वरून लादलं' असं दोन्ही बाजू म्हणतात. तपशील माहीत असेल तर हा मुद्दा कोणाच्याही हातून काढून घेता येतो. आयोगात आठजण होते, अध्यक्ष निवृत्त अॅडमिरल मिशेल हॉवर्ड. त्यांनी नऊही तळांना भेटी दिल्या, लोकांकडून 34,000 हून जास्त सूचना आल्या. आणि वर लिहून ठेवलेले ते मतांचे आकडे इथे काढा: रिपब्लिकन खासदारांच्या मोठ्या गटाच्या साथीशिवाय नकाराधिकार फेटाळता आला नसता. 2025 चा निर्णय संरक्षणमंत्र्यांच्या आदेशाने सुरू झाला: फेब्रुवारीत ब्रॅग, मार्चमध्ये बेनिंग, आणि 10 जूनला ट्रम्प यांनी ब्रॅगच्या तळावरच्या भाषणात उरलेले सात जाहीर केले. विरोधकाने यावर म्हणावं की निवडून आलेल्या सरकारला तो अधिकार आहे. आहेच.

उलटतपासणी: इथे वेळ घालवा

आता तो दुसरा 'ली'. कायदा कॉन्फेडरेट नावांना मनाई करतो, म्हणून 2025 मध्ये त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधले गेले. ब्रॅग आता प्रायव्हेट फर्स्ट क्लास रोलँड ब्रॅग यांच्या नावाने: दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत शत्रूची अँब्युलन्स ताब्यात घेऊन जखमी साथीदाराला बेल्जियममधल्या दवाखान्यात पोचवणारा सैनिक. बेनिंग म्हणजे पहिल्या महायुद्धातले कॉर्पोरल फ्रेड बेनिंग, जे नंतर नेब्रास्कातल्या छोट्या गावाचे महापौर झाले. ली म्हणजे फिट्झ ली, स्पेनविरुद्धच्या युद्धात मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले कृष्णवर्णीय सैनिक. गॉर्डन म्हणजे 1993 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत प्राण दिलेले मास्टर सार्जंट गॅरी गॉर्डन.

आणि ए. पी. हिल? तिथे एक माणूस पुरला नाही. अँडरसन, पिन आणि हिल अशा तिघांची नावं जोडून अक्षरं जुळवली. तिघेही गृहयुद्धात उत्तरेकडून लढलेले, तिघांनाही मेडल ऑफ ऑनर, आणि त्यातले ब्रूस अँडरसन आणि रॉबर्ट पिन कृष्णवर्णीय. ए. पी. हिल ज्यांच्याविरुद्ध लढत मेला, त्याच सैन्यातली तीन माणसं आता त्याच्या आद्याक्षरांची जागा भरतात. मला हे वाचून हसावं की कपाळाला हात लावावा कळेना.

बदलाच्या बाजूने उभे असाल तर प्रश्न असा टाका, शांतपणे: "आज फोर्ट ब्रॅगमध्ये कोणाचा गौरव होतो?" समोरचा "रोलँड ब्रॅग" म्हणाला तर त्याने मान्य केलं की ब्रॅक्स्टनचं नाव जायला हवं होतं, मग परंपरेचा मुद्दा त्याला वापरता येत नाही. तो "ब्रॅक्स्टन" म्हणाला तर तो कायद्याच्या आणि सैन्याच्या अधिकृत भूमिकेविरुद्ध गेला. 10 जूनच्या भाषणात ट्रम्प 'फोर्ट रॉबर्ट ई. ली' म्हणाले आणि सैन्याने फिट्झ ली जाहीर केला, ही विसंगती तिथे दाखवा. टोमणा मारू नका, तारखेसह सांगा.

सरावात आमच्या एका मुलीने या प्रश्नाला सुंदर उत्तर दिलं होतं. ती विरोधी बाजूला होती. म्हणाली, "दोघांचाही नाही. जागेचा." समोरचा गडबडला. ती पुढे म्हणाली, "आडनाव ठेवलं म्हणजे जुन्या सैनिकांच्या आठवणी राहिल्या, आणि माणूस बदलला म्हणजे बंडखोराचा सन्मान गेला. तुम्हाला यातलं नक्की काय नकोय?" ही विरोधी बाजूची सध्याची सर्वांत चांगली भूमिका आहे, आणि ती मी तिला शिकवली नव्हती.

तिला उत्तर आहे, पण ते शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. उत्तर हे: आडनाव परत आणायचं तर आधी कोणीतरी उतरवावं लागतं. 2025 मध्ये ब्रॅक्स्टन ब्रॅग उतरला नाही, तो आधीच गेला होता. उतरले ते 2023 मध्ये आलेले ग्रेग आणि अॅडम्स. हिस्पॅनिक समाजातले पहिले चार तारे मिळवलेले जनरल कव्हासोस. मेडल ऑफ ऑनर मिळालेली इतिहासातली एकमेव स्त्री, शल्यचिकित्सक मेरी वॉकर. यांनी काय केलं म्हणून उतरवलं? या प्रश्नावर मी अजून एकाही विरोधकाचं सरळ उत्तर ऐकलेलं नाही.

"मग नाव काय ठेवायचं?"

बदलाच्या बाजूला हा प्रश्न येणारच, आणि 'कोणाही शूर सैनिकाचं' हे उत्तर नापास आहे. 2023 च्या नऊ नावांत मला स्वतःला 'फोर्ट लिबर्टी' सगळ्यात फिकं वाटलं. नऊंत ते एकटंच माणसाचं नाव नव्हतं, आणि त्याला कोणी मनापासून चिकटलं नाही. माणसाचं नाव सांगा, आणि त्या तळाच्या कामाशी त्याचा धागा जोडा. फोर्ट ली हा पुरवठा आणि दळणवळणाचं शिक्षण देणारा तळ. ग्रेग आयुष्यभर पुरवठा विभागात होते. अॅडम्स यांनी 1945 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला 855 स्त्रियांच्या तुकडीचं नेतृत्व केलं आणि साचलेली सुमारे पावणेदोन कोटी पत्रं-पार्सलं सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांत मार्गी लावली. रकरच्या जागी आलेले मायकल नोव्होसेल व्हिएतनाममध्ये जखमींना हेलिकॉप्टरने उचलणारे वैमानिक, आणि तो तळ सैन्याच्या विमानदलाच्या प्रशिक्षणाचा.

विरोधकांनीही हीच कसोटी उलटी लावावी: 2025 चे एडवर्ड रकर पहिल्या महायुद्धातले वैमानिक होते, म्हणजे धागा तिथेही जुळतो. फ्रेड बेनिंगचा पायदळाच्या शाळेशी जुळतो का? ते पायदळातच होते, म्हणून जुळतो. पण त्यांच्यासाठी बाजूला केलेलं नाव होतं हॅल आणि ज्युलिया मूर या दांपत्याचं. 1965 मध्ये व्हिएतनाममधून सैनिकांच्या मृत्यूच्या तारा बेनिंगला येऊ लागल्या, तेव्हा त्या टॅक्सीवाल्यांच्या हाती घरोघरी पाठवल्या जात होत्या. ज्युलिया मूर त्या सैनिकांच्या बायकांच्या दारात स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, आणि पुढे सैन्याला ती पद्धतच बदलावी लागली. बदलाच्या बाजूने एकच नाव नेणार असाल, तर मी हे नेईन.